जुनी हायड्रोप्लेन पुन्हा पाण्यावर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रेडिओवर चालणाऱ्या प्रतिकृती बोटींविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रकारच्या बोटीबद्दल आहेत. ती बोट म्हणजे जुनी, वापरून झिजलेली हायड्रोप्लेन, म्हणजे पाण्यावर जेमतेम टेकून धावणारी शर्यतीची बोट. बहुतेकांची खर्चाची मर्यादाही सारखीच असल्याने या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्या मावसभावाने अमेरिकेतून परत येताना सुमारे पाऊण मीटर लांबीची, फायबरग्लासची, विजेवर चालणारी हायड्रोप्लेन आणली आणि ती मला दिली. उजव्या स्पॉन्सनला (बोटीच्या बाजूला पाण्यावर टेकणाऱ्या फुगीर भागाला) तडा गेलेला आहे, शाफ्ट (मोटरपासून प्रॉपेलरपर्यंतचा दांडा) हाताने फिरवला की खरखरतो आणि बोट थोडा वेळ पाण्यात ठेवली की आत पाणी येते. मोटर ब्रशवाली, मूळचीच आहे. ट्रान्समीटरवर ७५ मेगाहर्ट्झ असे लिहिले आहे. मला आठ हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करता येणार नाही. आधी जुना रंग काढून घ्यावा का? सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रंगाला आत्ता हात लावू नका. आपण अजून काही विकत घेतले नसेल तर फारच उत्तम, कारण या कामाच्या पहिल्या टप्प्याला पैसे लागत नाहीत.

हायड्रोप्लेन इतर बोटींसारखी पाणी कापत जात नाही. वेग घेतल्यावर तिचा तळ पाण्यापासून सुटतो आणि ती तीनच ठिकाणी टेकून धावते : दोन स्पॉन्सनांच्या मागच्या कडा आणि पाण्यात निम्माच बुडालेला प्रॉपेलर. न्यू जर्सीतील व्हेंटनर येथील बोटी बांधणाऱ्या एपेल पितापुत्रांनी १९३० च्या दशकात तीन बिंदूंवर धावणारा तळ रूढ केला. पुढे सिअ‍ॅटलच्या ‘स्लो-मो-शन ४’ या बोटीने २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर ताशी १६० मैलांहून अधिक वेगाचा जागतिक विक्रम केला आणि बोटीची मागची बाजू प्रॉपेलरवर तोलण्याची पद्धत शर्यतींच्या जगात पक्की झाली. आपल्या हातातली प्रतिकृती आकाराने लहान असली तरी तिला हाच नियम लागू आहे. म्हणून मर्यादित पैसा आणि मेहनत त्या तीन बिंदूंवर आणि बोट आतून कोरडी राखण्यावर खर्च करावी. चकचकीत रंगाची पण वाकड्या स्पॉन्सनची बोट काठावर शोभून दिसते, पाण्यावर मात्र उड्या मारते.

बोटीतले सर्व सामान काढून घ्या, प्रत्येक जोडणीचा फोटो काढून ठेवा आणि रिकामी बोट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. मग माठ घेताना वाजवून पाहतो तसे बोटाच्या पेराने संपूर्ण तळ वाजवून पाहा. जिथे आवाज भद्द येतो तिथे फायबरचे थर एकमेकांपासून सुटलेले असतात किंवा आतला आधार निखळलेला असतो. अशा जागा पेन्सिलीने आखून ठेवा. गळती शोधण्यासाठी बोट दोन उशांवर ठेवून बाहेरून टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा आणि आत दोन-तीन तांबे पाणी ओता. पाणी जिथून झिरपेल तिथे पांढऱ्या पावडरीवर काळपट ओघळ उमटतो. बोट पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्यापेक्षा ही रीत अधिक खात्रीची आहे. बहुतेक वेळा गळती तड्यातून कमी असते. रडरच्या (सुकाणूच्या) आणि स्ट्रटच्या (शाफ्टला मागे आधार देणाऱ्या कंसाच्या) स्क्रूंची भोके आणि शाफ्टची नळी तळातून बाहेर पडते ती जागा यांतूनच पाणी अधिक येते. स्क्रू काढून भोकांत अराल्डाइट सोडून ते पुन्हा बसवले की निम्मे काम होते. स्पॉन्सनमध्ये फोम भरलेला असेल आणि तो पाणी प्यायलेला असेल तर बोट काही दिवस उन्हाच्या कडेला, सावलीत वाळवून पुन्हा तोला. वजन घटत राहील तोवर दुरुस्ती सुरू करू नये, कारण ओल आत कोंडली गेली तर वरचा थर पुढे सुटतो.

तड्यासाठी इपॉक्सी (अराल्डाइटसारखा, दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) वापरावी, पॉलिएस्टर रेझिन नव्हे. पॉलिएस्टर स्वस्त असते हे खरे. पण जुन्या, पक्क्या झालेल्या पृष्ठभागावर त्याची पकड कमी पडते, आणि आत थर्मोकोल असेल तर पॉलिएस्टर त्याला विरघळवून टाकते. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, तुटक तंतूंची फायबर मॅट पॉलिएस्टरसाठी बनवलेली असते. तिचे तंतू एकत्र धरणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. त्यामुळे इपॉक्सीबरोबर ती मॅट नीट भिजत नाही. इपॉक्सीसाठी विणलेले फायबरचे पातळ कापड मागून घ्या. तड्याच्या दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरची भोके पाडा म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. आतली बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, आणि कापडाचे दोन थर द्या. दुसरा थर पहिल्यापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा असावा. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचा मोह टाळा, कारण ती पाण्यात दीर्घकाळ टिकत नाही. चोवीस तास घेणारी साधी अराल्डाइट बरी. पावसाळ्यात काम करीत असाल तर वाळलेल्या इपॉक्सीवर हाताला चिकट लागणारा पातळ थर येतो. तो साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची जागा, म्हणजे स्पॉन्सनची मागची कडा. वर्षानुवर्षे काठावर आपटून ही कडा गोल झालेली असते. गोल कडेवरून पाणी सरळ सुटत नाही, ते कडेला चिकटून वर वळते आणि बोटीला मागे ओढते. ही कडा नखाला धार लागेल इतकी काटकोनी हवी. त्यासाठी एका सरळ पट्टीवर पॅकिंगची चिकटपट्टी गुळगुळीत चिकटवा, कारण इपॉक्सी तिला धरत नाही. ही पट्टी मागच्या कडेला उभी अशी घट्ट बांधा की तळाच्या रेषेखाली ती किंचित उतरेल. गोल झालेल्या कडेमुळे पट्टी आणि तळ यांच्यामध्ये जो बारीक कोपरा रिकामा राहतो त्यात टाल्कम पावडर मिसळून घट्ट केलेली इपॉक्सी भरा. दुसऱ्या दिवशी पट्टी ओढून काढली की कडा आयती सरळ मिळते. नंतर लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर २२० नंबरचा पेपर गुंडाळून तळाच्या बाजूने घासा. नुसत्या बोटांनी घासू नका, त्याने कडा पुन्हा गोल होते.

यानंतर बोट जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून दोन्ही स्पॉन्सनांच्या मागच्या कडा एकाच वेळी टेकतात का ते पाहा, आणि तळाचा उतार दोन्हीकडे सारखा आहे का ते मोजा. मोबाइलमधला कोन मोजणारा अ‍ॅप त्यासाठी पुरतो. साधारण तीन ते चार अंशांचा उतार योग्य असतो. पण आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या असणे अधिक महत्त्वाचे आहे.

रेडिओवर मात्र काटकसर करू नये. ७५ मेगाहर्ट्झची पट्टी अमेरिकेत जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या प्रतिकृतींसाठी ठेवलेली आहे. आपल्याकडे ती या कामासाठी खुली नाही. जुना संच आठवण म्हणून जपा आणि २.४ गिगाहर्ट्झचा तीन चॅनेलचा साधा संच घ्या. आठ हजारांतले निम्मे पैसे इथे गेले तरी चालतील. पिस्तुलासारखा धरायचा, फ्लायस्काय कंपनीच्या संचासारखा संच या कामाला पुरेसा आहे. घेतल्यावर पहिल्यांदा त्याचा फेलसेफ लावा, म्हणजे संदेश तुटताच मोटर थांबेल. बोट स्टँडवर ठेवून ट्रान्समीटर बंद करून हे प्रत्यक्ष पडताळून पाहा. या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, शक्य तितकी उंच हवी. रिसीव्हर फुग्यात घालून तोंडाला रबरबँड लावण्याची जुनी युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे.

मूळ मोटर फेकू नका. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरीचा भाग) साफ करून आणि ब्रश तपासून ती चालत असेल तर पहिला मोसम तिच्यावरच काढा. कमी वेगात बोटीचे दोष कळतात आणि ते दुरुस्त करायला बोट शिल्लक राहते. सर्व्होपासून (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरीपासून) रडरपर्यंतची तार गंजली असेल तर सायकलचा स्पोक कापून वापरा, तो उत्तम काम देतो. आणि पैशांचे शेवटचे काम म्हणून बोटीच्या रिकाम्या जागांत पॅकिंगचा पांढरा लवचीक फोम भरा. एक लिटर जागा पाण्याखाली गेली की सुमारे एक किलो वजन तोलले जाते, त्या हिशेबाने बोटीच्या एकूण वजनाइतके लिटर फोम असला की ती उलटली तरी बुडणार नाही.

प्रश्न : जुन्या हायड्रोप्लेनमधली ब्रशवाली मोटर काढून मी २००० केव्हीची ब्रशलेस मोटर आणि तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी बसवली. प्रॉपेलर ४० मिलिमीटरचा आहे. आता पूर्ण वेग दिला की बोटीचे नाक उचलते आणि ती मागे उलटी पडते. पुढे शिसे ठेवावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शिसे हा शेवटचा उपाय आहे, आधी हिशेब पाहू. केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. तीन सेलचे ११.१ व्होल्ट धरले तर विनाभार २२,२०० फेरे होतात. आपल्या प्रॉपेलरची पिच व्यासाच्या १.४ पट असेल तर तो एका फेऱ्यात कागदोपत्री ५६ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटर. प्रत्यक्षात घसर आणि भार वजा जाता वेग बराच कमी भरतो, पण जुन्या मोटरीच्या मानाने तो कितीतरी जास्त आहे. दोन स्पॉन्सनांमधल्या बोगद्यातून जाणारी हवा बोटीला उचलते, आणि ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वीस टक्क्यांनी वाढला तर उचल चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. तळ जुनाच आहे, वेग मात्र नवा आहे. ब्रिटिश वेगविक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड के ७’ ही बोट ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर ताशी ३०० मैलांहून अधिक वेगात अशीच नाक उचलून मागे उलटली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. आपल्या बोटीला नेमका तोच रोग आहे.

बॅटरीसह सज्ज बोट दोन बोटांवर तोलून गुरुत्वमध्य शोधा. स्पॉन्सनांच्या मागच्या कडांपासून प्रॉपेलरपर्यंतचे अंतर मोजा. गुरुत्वमध्य कडांच्या मागे, या अंतराच्या साधारण चौथ्या हिश्शावर असला की बहुतेक बोटी नीट वागतात. तो त्याहून मागे असेल तर बॅटरी सेंटीमीटरभर पुढे सरकवा. तरीही नाक उचलत असेल तर स्ट्रट एक मिलिमीटर खाली घ्या, त्याने बोटीची मागची बाजू वर येते आणि नाक दबते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. वारा समोरून असताना पूर्ण वेग देऊ नये. एवढे करूनही बोट उलटत राहिली तर लहान प्रॉपेलर लावा. मला विचाराल तर जुन्या तळासाठी मी तो आधीच लावला असता.

प्रश्न : माझ्या बोटीचा लवचीक शाफ्ट मधेच पिळवटून तुटला. मोटर आणि ईएससी (मोटरीचा वेग नियंत्रित करणारा भाग) दोन्ही इतके तापतात की हात लावता येत नाही. ईएससी माझ्या जुन्या रेडिओ कारमधला आहे आणि तो पुढे बसवल्यामुळे बॅटरीच्या तारा मी लांब केल्या आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शाफ्ट पिळवटून तुटला याचा अर्थ मोटर बहुधा उलट्या दिशेने फिरत होती. लवचीक शाफ्ट तारांच्या वेढ्यांचा बनलेला असतो आणि तो एकाच दिशेने फिरताना आवळत जातो. उलट फिरवला की वेढे उसवतात. ब्रशलेस मोटरीच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की दिशा बदलते. दुसरे कारण वंगणाचे असू शकते. शाफ्ट प्रत्येक फेरीच्या दिवसानंतर बाहेर ओढून पुसावा आणि पाण्याने धुऊन न जाणारे मरीन ग्रीस लावून परत घालावा. नव्या शाफ्टला स्ट्रट आणि प्रॉपेलरमागचा डॉग (शाफ्टवर बसवलेला, प्रॉपेलरला फिरवणारा तुकडा) यांच्यात चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, कारण भार आल्यावर शाफ्ट आवळून आखूड होतो आणि जागा नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो. खरखर आणि उष्णता पुष्कळदा तिथूनच येते.

कारचा ईएससी हवेने थंड होण्यासाठी केलेला असतो, आणि बंद बोटीत हवा खेळत नाही. पाण्याच्या नळ्या असलेला ईएससी घ्या. तो येईपर्यंत बॅटरीच्या तारा पुन्हा आखूड करा. लांबवायच्याच असतील तर मोटरीकडच्या लांबवा. बॅटरीकडच्या लांब तारांमुळे ईएससीच्या कपॅसिटरवर जादा ताण येतो. थंड पाण्याची नळी रडरपाशी तोंडाने फुंकून पाहा, क्षार साचले असतील तर व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, आणि बोट धावत असताना बाजूच्या तोटीतून धार पडते आहे ना, यावर प्रत्येक वळणाला नजर ठेवा. फुगलेली लिपो बॅटरी मात्र कितीही कमी वापरलेली असली तरी पुन्हा चार्ज करू नये.

प्रश्न : सिअ‍ॅटलजवळच्या केंट येथील हायड्रोप्लेन संग्रहालयात मी खऱ्या शर्यतीच्या बोटी पाहिल्या. त्यांचा वळणाचा पाता डाव्या स्पॉन्सनवर आहे. मी विकत घेतलेल्या जुन्या प्रतिकृतीवर तो उजवीकडे आहे. आधीच्या मालकाची चूक समजून तो डावीकडे हलवावा का? (एक वाचक, रेडमंड, अमेरिका)

उत्तर : हलवू नका. खऱ्या बोटी घड्याळाच्या उलट दिशेने शर्यत करतात, म्हणजे वळणे डावीकडची असतात, आणि वळणाच्या आतल्या बाजूला पाता पाण्यात रोवून राहतो. प्रतिकृतींच्या शर्यती घड्याळाच्या दिशेने, उजव्या वळणांनी होतात, म्हणून पाता उजवीकडे असतो. आधीच्या मालकाने बोट धावण्यासाठी नीट सिद्ध केली होती. ती केवळ कपाटात ठेवायची असेल तरच डावा पाता शोभेल. त्या पात्याची पुढची धार खणली गेली असेल तर घासून पुन्हा तीक्ष्ण करा आणि पाता सरळ उभा आहे याची खात्री करा. वळणात बोट बाहेर घसरण्याचे कारण बहुतेक वेळा बोथट पाता हेच असते.

प्रश्न : वडिलांची लाकडी, नायट्रो इंजिनाची (विजेऐवजी इंधनावर चालणारी) हायड्रोप्लेन माळ्यावर सापडली. आतले प्लायवुड तेलाने काळे पडले आहे, त्यावर काहीच चिकटत नाही, आणि इंजिन जाम आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : कॉर्नफ्लोअर थिनरमध्ये कालवून त्याचा दाट लेप तेलकट जागी द्या, वाळला की ब्रशने झाडा, आणि पावडर पांढरी निघेपर्यंत पुन्हा पुन्हा द्या. हे उघड्यावर, आगीपासून दूर करावे. थिनर पूर्ण उडून गेल्यावरच हेअर ड्रायरने लाकूड कोमट करा. खोल मुरलेले तेल वर येईल, तेही टिपून घ्या. त्यानंतर पातळ इपॉक्सीचा हात दिला की लाकूड पुन्हा सील होते. इंजिन जोर लावून फिरवू नका. इंधनातून आत राहिलेले एरंडेल तेल घट्ट होऊन बसलेले असते आणि ते उष्णतेने सुटते. इंजिन बाहेर काढून ड्रायरने चांगले तापवा, मग प्लग काढून दोन थेंब तेल सोडा आणि हाताने हलकेच फिरवा. वडिलांनी दिलेला रंग शक्य तिथे तसाच ठेवा, असे माझे मत आहे.

प्रश्न : बोट चालवायला जागा कोणती निवडावी, आणि ती मध्येच बंद पडली तर काय करावे? (एक वाचक, निफाड)

उत्तर : आपल्या तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर या कामासाठी वर्ज्य समजा. ते पक्षी अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. पिण्याच्या पाण्याचे साठेही टाळावेत. गावतळे किंवा शेततळे असेल तर मालकाची किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या, पोहणारी मुले आणि गुरे पाण्यात नसतील अशी वेळ निवडा, आणि जलपर्णी असलेल्या कडेला फिरकू नका. तिचे एक मूळ शाफ्टभोवती गुंडाळले तरी मोटर जळू शकते. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कडा अतिशय निसरड्या असतात, म्हणून बंद पडलेली बोट आणायला कधीही पाण्यात उतरू नये. मासेमारीच्या गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि काठाने चालत दोरी बोटीभोवती आणून हळूहळू ओढायची. वाऱ्याची दिशा काठाकडे असेल तर तेवढेही करू नका. अर्धा तास थांबलात की बोट आपोआप काठाला लागते.